भाजण्याआधीचे शहाणपण

गेल्या पंधरवड्यात एक गृहस्थ आपल्या तीन वर्षांच्या नातवाला खांद्यावर घेऊन दवाखान्यात आले. पोराने चहाचे पातेले अंगावर ओढून घेतले होते. उजवा हात कोपरापर्यंत आणि छातीचा थोडा भाग भाजलेला. त्यावर टूथपेस्टचा जाड थर आणि थरावर हळद. "पाणी ओतलं का?" मी विचारले. "नाही जी डॉक्टरसाहेब, पाण्यानं फोड येते म्हणतात ना!" आजीबाईंनी उत्तर दिले. गृहस्थांनी मात्र मान खाली घातली. ते आमच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. सारी नोकरी स्फोटकांच्या कारखान्यात गेली. "कामावर असतो तर पहिले नळाखालीच धरलं असतं जी," ते म्हणाले, "घरी सुचलंच नाही."

पोर बरे झाले. पण तो थर धुऊन काढताना त्याने जो टाहो फोडला, तो टाळता आला असता. आजोबांचे वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. सुरक्षेचे शहाणपण कारखान्याच्या गेटच्या आत आहे, पण गेटबाहेर घरापर्यंत ते पोचलेले नाही.

जानेवारी महिना आला की आमच्या जिल्ह्याला दोन तारखा आठवतात. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली. त्या वेळी तेथे १७ बाळे होती. ७ वाचली, १० गेली. त्यांतील बहुतेक ज्वाळेने नव्हे, धुराने गुदमरून गेली. दुसरी तारीख २४ जानेवारी २०२५. सकाळी साडेदहाच्या सुमारास आयुध निर्माणीत स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले आणि ८ कामगार मृत्युमुखी पडले. आवाज कित्येक किलोमीटर ऐकू गेला. त्याआधी १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगाव येथील खासगी स्फोटक कारखान्यात ९ जणांचा बळी गेला होता. म्हणजे हे संकट आपल्या भागाला नवखे नाही.

प्रत्येक वेळी तेच घडते. नेतेमंडळी येतात, मदत जाहीर होते, चौकशी समिती बसते. हे सारे व्हायलाच हवे. परंतु वाचकहो, पुढच्या वेळी वाचू शकेल अशा माणसाच्या दृष्टीने यात काय बदलले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो विचारावा म्हणून हा लेखप्रपंच.

मी आधी माझीच चूक सांगतो. स्फोटाच्या त्या सकाळी मी दवाखान्यातले कपाट उघडून पाहिले. सलाइनच्या दोनच बाटल्या, निर्जंतुक पट्ट्यांचे एक पाकीट! जखमी माझ्याकडे आले नाहीत, ते मोठ्या रुग्णालयांत गेले. पण आले असते तर? स्फोटकांच्या कारखान्याशेजारी इतकी वर्षे व्यवसाय करणाऱ्या डॉक्टराची ही तयारी! मला माझीच लाज वाटली. आता माझ्या कपाटात काय असते, ते मी दर महिन्याला मोजतो.

भाजलेल्या माणसाचे एक फसवे लक्षण असते. सुरुवातीला तो शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो. नातेवाइकांना वाटते, फार लागलेले नाही. पण आतल्या आत रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरत असतो आणि काही तासांत रक्तदाब कोसळतो. मोठ्या माणसाचे सुमारे १५ टक्के आणि मुलाचे १० टक्क्यांहून अधिक अंग भाजले, तर शिरेतून सलाइन द्यावेच लागते. अंदाज कसा करावा? रुग्णाचा स्वतःचा पंजा, बोटांसह, म्हणजे सुमारे १ टक्का. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. यातले फारच थोडे कारखान्यात भाजतात. बहुतेक घरीच, चुलीपाशी, गॅसपाशी, बंबापाशी.

म्हणून पुढील गोष्टी घरातल्या प्रत्येकाने पाठ कराव्यात.

१) कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका. खाली पडा, लोळा. दुसऱ्याने जाड सुती किंवा लोकरीचे पांघरूण टाकावे, नायलॉनचे नव्हे.

२) भाजलेल्या जागी नळाचे साधे पाणी २० मिनिटे, घड्याळ लावून, वाहते ठेवा. भाजून ३ तास होईपर्यंत याचा उपयोग होतो. बर्फ लावू नका. लहान मुलाचे बाकी अंग मात्र उबेत ठेवा, नाहीतर ते गारठते.

३) अंगठ्या, बांगड्या, घड्याळ लगेच काढा. नंतर सूज येते आणि निघत नाही. चिकटलेला कपडा ओढू नका.

४) टूथपेस्ट, शाई, तूप, हळद, बटाटा काहीही लावू नका. फोड फोडू नका. धुतलेल्या स्वच्छ कापडाने सैल झाका.

५) चेहरा, हात, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल, विजेने भाजले असेल, आवाज घोगरा झाला असेल वा नाकात काजळी दिसत असेल, तर थांबू नका. १०८ ला फोन करा.

६) धूर झाला की जमिनीलगत रांगत बाहेर पडा. स्वच्छ हवा खालीच असते.

७) स्फोटाजवळ असलेल्या माणसाला बाहेरून जखम नसली तरी कानाचा पडदा फाटलेला असू शकतो, फुप्फुसाला इजा असू शकते. दम लागला, खोकल्यातून रक्त आले, तर ताबडतोब रुग्णालय.

हे झाले आपले काम. आता जबाबदार मंडळींचे.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात एक महत्त्वाचे कलम आले. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्याने अपघात झाल्यास कोणती काळजी घ्यायची, हे कामगारांनाच नव्हे तर आसपास राहणाऱ्या जनतेलाही सांगितले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. आता जुन्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. आयुध निर्माणीचा कारभारही १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला आहे. कायदा बदलो वा मालक, शेजाऱ्याचा जाणून घेण्याचा हक्क बदलत नाही. संरक्षण खात्याचा कारखाना म्हटला की गुप्तता आली, हे मला मान्य आहे. आत काय बनते ते आम्हाला नको. पण मोठा आवाज झाला तर शाळेने मुलांना कुठे न्यायचे, रुग्णवाहिकेसाठी कोणता रस्ता मोकळा ठेवायचा, नातेवाइकांना खबर कुठे मिळेल, यात कसले गुपित आहे? ती खबर मिळत नाही म्हणूनच लोक गेटकडे धावतात आणि वाट अडते. त्यांचा दोष नाही. घरचा माणूस आत असतो.

माझे म्हणणे एवढेच. वर्षातून एकदा, जानेवारीतच, जवाहरनगर, ठाणा, साहुली या भागात शाळा, ग्रामपंचायत आणि कारखाना यांनी मिळून जाहीर सराव घ्यावा. गंभीर भाजलेल्या रुग्णाला भंडाऱ्यात कुठे आणि नागपुरात कुठे न्यायचे, याचा फलक प्रत्येक दवाखान्यात लागावा. माझ्या दवाखान्यात मी तो लावतो आहे. आणि रुग्णालयात आपला माणूस भरती केला की नातेवाइकांनी न लाजता विचारावे, "बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता? आग विझवायचे सिलिंडर कुठे आहे, आणि ते चालवता कोणाला येते?" डॉक्टराला राग आला तर येऊ द्या.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण मुलांना शिकवतो. ती दहा बाळे आणि ते आठ कामगार परत येणार नाहीत. पण त्या आजोबांना कामावर जे पाठ होते, ते घरच्या आजीलाही पाठ झाले, तर पुढच्या एखाद्या पोराचा टाहो तरी वाचेल. आज हा अंक घडी करून ठेवण्यापूर्वी वरच्या सात गोष्टी घरात एकदा मोठ्याने वाचून दाखवा.