ऑफसेट हटाव!

आज जरा भांडायचं आहे. विषय सॉफ्टवेअरवाल्यांचा आहे, पण बाकीच्यांनी लगेच खिडकी बंद करू नका. एखाद्या ॲपमध्ये यादी खाली खाली सरकवताना तोच व्यवहार पुन्हा दिसला आणि पैसे दोनदा गेले की काय म्हणून पोटात गोळा आला, असं तुमचंही कधी झालं असेल.

तर पेजिनेशन. डेटाबेसात दहा लाख ऑर्डरी आहेत, स्क्रीनवर एका वेळी वीस दाखवायच्यात, खाली १, २, ३ अशी पानं. यासाठी कॉलेजपासून आपल्याला एकच मंत्र दिला जातो (आणि आता एआयवाले मदतनीसही न विचारता तोच पुटपुटतात): लिमिट २०, ऑफसेट अमुक. पाचवं पान हवंय? ऑफसेट ८०. संपला विषय. माझं म्हणणं असं आहे की ज्या टेबलात सतत भर पडते, त्यावर हा मंत्र चुकीचा आहे. हळू आहे म्हणून नव्हे हं. उत्तर चुकीचं येतं म्हणून.

हळू तर तो आहेच, ते आधी उरकून टाकू. 'पहिले एक लाख रेकॉर्ड सोड आणि पुढचे वीस दे' असं सांगितलं की आपल्याला वाटतं डेटाबेस टुणकन उडी मारून तिथं पोचतो. कसली उडी! तो एक लाख मोजतो, फेकून देतो, मग वीस हातात ठेवतो. इंडेक्स असला तरी त्यात 'एक लाखावा कोण' हे कुठं लिहिलेलं नसतं, मोजत जावंच लागतं. पोस्टग्रेसच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये हे सरळ छापलंय की ऑफसेटने वगळलेल्या ओळीही सर्व्हरला काढाव्याच लागतात. पण मॅन्युअल वाचतो कोण? डेव्हलपरच्या लॅपटॉपवर टेबलात दोनशे रेकॉर्ड असतात, तिथं सगळंच पळतं.

आता खरा मुद्दा. ऑफसेट म्हणजे 'वरून कितवा'. आणि 'वरून कितवा' ही त्या रेकॉर्डची ओळखच नाही, ती त्या क्षणाची परिस्थिती आहे. मी पहिलं पान वाचत असताना वर तीन नव्या ऑर्डरी आल्या, की पहिल्या पानावरच्या शेवटच्या तीन दुसऱ्या पानावर परत हजर. हे एक वेळ ठीक, दोनदा दिसलेलं निदान कळतं तरी. उलटं झालं तर? वरच्या तीन रद्द होऊन यादीतून गेल्या, की खालच्या तीन वर सरकून पहिल्या पानावर जातात, जे पान मी वाचून पुढे गेलोय. त्या तीन मला कधीच दिसणार नाहीत. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये ओळ नाही.

आणि डेटा अजिबात बदलला नाही तरी सुटका नाही. नुसत्या तारखेवर सॉर्ट केलं आणि एकाच तारखेचे पन्नास रेकॉर्ड असले, तर त्या पन्नासांचा आपसातला क्रम दर वेळी तोच राहील असं वचन डेटाबेसने कुणालाही दिलेलं नाही.

हे सगळं स्क्रीनपुरतं असतं तर मी शनिवार वाया घालवला नसता. मागे एका प्रोजेक्टवर रात्री चालणारा रिफंडचा एक जॉब आमच्या टीमकडे आला. कोड आधीच्या व्हेंडरचा. काम साधं: स्टेटस पेंडिंग असलेले शंभर रिफंड काढा, पैसे परत पाठवा, स्टेटस बदलून डन करा, ऑफसेट शंभरने वाढवा, पुढचे शंभर काढा. वाचताना काही खटकलं का? कोड रिव्ह्यूत कुणालाच खटकलं नव्हतं.

हजार रिफंड पेंडिंग आहेत असं धरा. पहिले शंभर डन झाले, म्हणजे पेंडिंगच्या यादीतून गेले, उरले नऊशे. आता ऑफसेट शंभर, म्हणजे या नऊशेतले पहिले शंभर सोडून पुढचे. ते सोडलेले शंभर कोण? ज्यांना कुणी हातही लावला नाही ते! असं करत पाचव्या फेरीनंतर यादीत पाचशे उरतात, ऑफसेटही पाचशे होतो, क्वेरी रिकामी येते आणि जॉब हसतमुखाने सांगतो, सक्सेस. बरोब्बर अर्धे लोक लटकले. दुसऱ्या रात्री उरलेल्यांतले काही जण सुटायचे, तिसऱ्या रात्री आणखी काही. कस्टमर केअरचं ठरलेलं वाक्य होतं, 'सर, पाच ते सात दिवस लागतात'. आणि तेवढ्या दिवसांत बहुतेकांचे पैसे यायचेही, म्हणून कुणाला संशय आला नाही. कुणाचं घरभाडं, कुणाची फी, आणि आपण मात्र समजतो की बँकाच मुळात हळू असतात.

(इथं कुणी हुशार म्हणेल, ऑफसेट शून्यावरच ठेवायचा की. ठेवा. मग त्यातले शंभर रिफंड खात्याच्या चुकीच्या नंबरामुळे फेल होऊन पेंडिंगच राहिले, की जॉब सकाळपर्यंत त्याच शंभरांभोवती प्रदक्षिणा घालील.)

मग करायचं काय? आमची आजी रोज ज्ञानेश्वरी वाचायची. नऊ हजारांवर ओव्या आहेत त्यात. काल तेवीसशे झाल्या म्हणून आज पहिल्या ओवीपासून तेवीसशे मोजत ती कधी बसली नाही. खूण असायची: नववा अध्याय, चाळिसावी ओवी. आज त्याच्या पुढे. म्हणजे नवव्याच अध्यायातली चाळीसच्या पुढची ओवी, नाहीतर दहाव्यापासून कुठलीही. याला आपल्या धंद्यात कीसेट किंवा कर्सर पेजिनेशन म्हणतात. एवढंच आहे ते! 'किती सोडू' ऐवजी 'कुणाच्या पुढे' विचारायचं:

व्हेअर (क्रिएटेडॲट, आयडी) < (शेवटची वेळ, शेवटचा आयडी) ऑर्डर बाय क्रिएटेडॲट डिसेंडिंग, आयडी डिसेंडिंग लिमिट २०

(इथं सगळं देवनागरीत लिहायचा माझा हट्ट आहे. कॉपी-पेस्ट करू नका, डेटाबेस रुसेल.) वेळ म्हणजे अध्याय, आयडी म्हणजे ओवी. दोन्हींवर मिळून एक इंडेक्स ठेवा, म्हणजे डेटाबेस थेट खुणेपाशी उघडतो. पान पहिलं असो की पन्नास हजारावं, खर्च तेवढाच. पोस्टग्रेसला अशी जोडीची तुलना इंडेक्स वापरून करता येते ती २००६ च्या ८.२ आवृत्तीपासून. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांना तीच अट अँड-ऑर लावून पसरून लिहावी लागते, पण लिहिता येते. रिफंडच्या जॉबलाही हेच औषध: शेवटच्या आयडीच्या पुढचे पेंडिंग काढा. स्टेटस कितीही बदलू दे, खूण हलत नाही.

खूण म्हणजे जादू नव्हे हेही सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये सोलून काढाल. ज्या कॉलमवर सॉर्ट करता तोच बदलत असेल, उदाहरणार्थ शेवटच्या बदलाची वेळ, तर रेकॉर्ड खुणेच्या इकडून तिकडे उडी मारू शकतो. न बदलणारा कॉलम निवडा. आणि लहानसं, न हलणारं टेबल असेल, जसं की राज्यांची यादी, तर खुशाल ऑफसेट वापरा. तिथं भांडायला मी येणार नाही.

'पण हे फार ॲडव्हान्स्ड आहे' हा आक्षेप मी ऐकूनही घेत नाही. स्ट्राइपच्या एपीआयमध्ये पान क्रमांक नाहीच, अमक्या आयडीनंतरचे द्या असंच मागावं लागतं. इलास्टिकसर्च दहा हजारांच्या पलीकडे साध्या पद्धतीने जाऊच देत नाही, ती मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे. जँगोच्या रेस्ट फ्रेमवर्कमध्ये कर्सर पेजिनेशन तयार मिळतं. स्प्रिंग डेटाने २०२३ मध्ये कीसेट स्क्रोलिंग दिलं. आपण मात्र अजून ट्यूटोरियलमधलं 'पेज' ऑब्जेक्ट परत करतो, जे प्रत्येक पानामागे एकूण मोजणीची वेगळी क्वेरी मारतं. पोस्टग्रेसमध्ये तर ही मोजणी महागच, कारण कुठली ओळ कुणाला दिसते हे प्रत्येक ट्रान्झॅक्शनसाठी वेगळं ठरतं, तयार आकडा कुठं ठेवलेलाच नसतो. आणि कशासाठी? तर खाली '४७३८ पैकी पान १' लिहिता यावं म्हणून.

यावर प्रॉडक्टवाल्यांचा हुकमी एक्का ठरलेला: 'युजरला कुठल्याही पानावर जाता आलं पाहिजे'. का हो? ४७३८ व्या पानावर काय आहे हे त्याला आधीच कसं माहीत? आमच्याकडे या वादात शेवटी ॲक्सेस लॉग काढले. शंभराच्या पुढच्या पानावर गेलेला एकच इसम सापडला, आमच्या टेस्टिंगमधला मुलगा. पेजिनेशन चालतंय का ते बघायला गेला होता. माणसाला हवे असतात मार्चमधले व्यवहार, किंवा अमुक दुकानाची बिलं. म्हणजे हवा असतो फिल्टर, आणि आपण त्याला पान क्रमांकाचा डबा देऊन म्हणतो, शोध बाबा तूच.

तारखेचा फिल्टर दिला, खाली नुसतं 'मागे' आणि 'पुढे' ठेवलं. डब्याची तक्रार अजून एकाही ग्राहकाकडून आलेली नाही. एक तेवढी आली, आमच्याच डिझायनरची. खालची पट्टी आता रिकामी दिसते म्हणे.