खांबांची किंमत

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मेरीलँड राज्याच्या अर्थकारणात बाल्टिमोर बंदराचे स्थान मोठे आहे. मोटारींच्या आयात-निर्यातीत हे बंदर २०२३ पर्यंत देशात अग्रेसर होते. २०२३ मध्ये सुमारे साडेआठ लाख मोटारी व हलके ट्रक येथून हाताळले गेले. २६ मार्च २०२४ रोजी पहाटे ‘दाली’ या मालवाहू जहाजाचा वीजपुरवठा खंडित झाला आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. १९७७ मध्ये वाहतुकीस खुला झालेला हा पूल काही क्षणांत कोसळला. रात्रपाळीत खड्डे बुजविणारे सहा स्थलांतरित मजूर मृत्युमुखी पडले. जहाजावरील बहुतेक खलाशी भारतीय होते.

जलमार्ग जून २०२४ मध्ये पूर्ववत झाला आणि बंदर सावरले. रस्त्याचे तसे झाले नाही. ज्वालाग्राही माल वाहणाऱ्या ट्रकना बंदराखालील बोगद्यांत मज्जाव असल्याने त्यांच्या वाट्याला लांबचा वळसा आला.

जहाजांचे आकारमान गेल्या पाच दशकांत अवाढव्य वाढले. खांबांभोवतीचे संरक्षण मात्र होते तेवढेच राहिले. जहाजाच्या धडकेचा धोका या पुलाबाबत मोजलाच गेला नव्हता, असे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केले. नव्या पुलाच्या खर्चाचा अंदाज आरंभी दोन अब्ज डॉलरांच्या आत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो चार अब्जांपलीकडे गेला आणि पूर्ततेची मुदत २०३० च्या अखेरीपर्यंत लांबली. संरक्षणावर वाचविलेला पैसा अखेर असा अनेक पटींनी मोजावा लागतो. सहा जिवांची भरपाई तर कोणत्याच अंदाजपत्रकात बसत नाही.