खांद्याला लोणी, मेलला रिप्लाय-ऑल

नोव्हेंबर निम्मा सरला की आयटीतल्या लोकांच्या इनबॉक्समध्ये एक ठराविक मेल येऊन पडते. महिन्याच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग, म्हणून तिकडचा क्लायंट चार दिवस गायब. जाता जाता मोठा साहेब पुण्या-हैदराबादच्या सगळ्या टीमला लिहून जातो, "तुमच्यासारखे सहकारी लाभले याबद्दल मी कृतज्ञ आहे." खाली चाळीस जणांचे रिप्लाय-ऑल. आणि त्याच चार दिवसांत प्रॉडक्शनवर लक्ष ठेवायची ड्यूटी अर्थातच आपल्याकडे, कारण आपल्याला कुठे सुट्टी असते :)

साहेबावर राग नाही. माणूस चांगला असतो आणि मनापासून लिहीत असतो. पण दरवर्षी ती मेल वाचताना मला आमचा पोळा आठवतो. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली, नांदुऱ्याच्या बाजूला. (आमच्या जिल्ह्यात माणसं दोनच प्रकारची, घाटावरची आणि घाटाखालची. बाकीचे भेद नंतर.) आभार कसे मानावेत याचं इतकं बारकाईने बांधलेलं शास्त्र मी दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही. आणि त्या शास्त्रात एक मोठं भोकसुद्धा आहे, त्याबद्दल पुढे.

ज्यांनी पोळा फक्त फोटोत बघितलाय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. श्रावणातली अमावस्या म्हणजे पिठोरी. खरिपाची पेरणी होऊन डवरणीचं काम बरंचसं आटोपलेलं असतं, म्हणजे बैलाचा मोसमातला सगळ्यात घामाचा भाग झालेला असतो. पण सण त्या दिवशी सुरू होत नाही, आदल्या संध्याकाळी सुरू होतो. त्याला खांदेमळणी म्हणतात, आमच्याकडे खांद शेकणं. बैलाच्या मानेवर जिथे जू बसतं, जिथलं कातडं घासून घासून निबर झालेलं असतं, नेमक्या त्या जागी हळद आणि लोणी किंवा तूप लावून चोळायचं, पळसाच्या पानाने शेकायचं. आणि मग बैलाला आवतण द्यायचं, आज आमंत्रण घ्या, उद्या जेवायला या. बैलाला अहो-जाहो!

दुसऱ्या दिवशी बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, बेगड लावायची, अंगावर झूल, पायात घुंगरू, नवी वेसण, नवा कासरा. तोरणाखाली गावातले सगळे बैल उभे राहतात, झडत्या म्हटल्या जातात, मानाच्या बैलाचा मान झाला की पोळा फुटतो. मग बैल घरोघर जातात, बाया पाय धुतात, ओवाळतात, पुरणपोळी चारतात, आणि बैल घेऊन आलेल्याच्या हातावर बोजारा ठेवतात. बोजारा म्हणजे ओवाळणीचे पैसे. हा शब्द पुण्यात कुणाला सांगितला की हसतात. हसू द्या.

यात मला सगळ्यात आवडतं काय, तर ते शेकणं. झूल, बेगड ही हौस झाली. पण खांदेमळणी करणारा माणूस बैलाला "तू फार छान आहेस" म्हणत नाही. तो म्हणतो, माझं ओझं तुझ्या अंगावर इथे, या चार बोटांच्या जागेत बसलं होतं. ओझ्याची जागा त्याला माहीत असते. संस्कृतवाल्यांनी शब्दही तसाच करून ठेवलाय बघा. कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा. त्यात बोलण्याचा संबंधच नाही, जाणण्याचा आहे.

आता साहेबाची मेल परत वाचा. "ग्रेट जॉब टीम." कुणाच्या खांद्याला कुठे घट्टा पडलाय? मायग्रेशनच्या वेळी सलग दोन रात्री जागून ज्या पोरीने डेटा जुळवला तिचं नाव त्यात नसतं, कारण ते साहेबाला ठाऊकच नसतं. रिप्लाय-ऑलमध्ये तिचाही "थँक्यू सर" असतो. ही काही एकट्या आमच्या हापिसाची गोष्ट नाही. तुम्हीही आठवून बघा, गेल्या वर्षभरात तुम्हाला आलेल्या कौतुकाच्या किती मेलींमध्ये तुम्ही केलेल्या एकातरी नेमक्या कामाचा उल्लेख होता?

तसे मराठी माणसाचे आणि आभाराचे संबंध पहिल्यापासून ताणलेलेच. कोणत्याही कार्यक्रमात निवेदकाने "आता आभारप्रदर्शन" म्हटलं की निम्मा हॉल चपला शोधायला लागतो. आणि घरात तर विचारूच नका. मी एकदा फोनवर वडिलांना कशाबद्दल तरी थँक्यू म्हणालो, तर पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "कायले रे बाप्पा, तब्येत बरी हाये ना तुयी?" त्यामुळे आपल्याकडे कृतज्ञता शब्दांत नसून कृतीत असते वगैरे जे गोडवे गायले जातात ते मला थोडे पटतात, आणि थोडे संशयास्पद वाटतात.

संशय कशाचा ते सांगतो. पोळ्याच्या दिवशी बैलाइतकाच मान सालगड्याचा. सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला शेतमजूर. आमच्याकडे त्याचं साल पाडव्याला ठरतं, आणि पोळ्याला त्याला नवे कपडे करायची रीत. लहानपणी ते सगळं फार छान वाटायचं. नवा सदरा, नवा दुपट्टा, अंगणात सगळ्यांबरोबर पंगत. पण पाडव्याला साल ठरवताना मालक लोक काय बोलतात तेही मी ओट्यावर बसून ऐकलेलं आहे. "पोळ्याले कपडे देतो, दिवाळीले देतो, आणखी काय पाह्यजे?" म्हणजे आभाराची वस्तू हिशोबात धरायची आणि तितकी मजुरी कापायची! सण बिचारा चांगला, पण असा वापरला की तो पगार दाबायचं हत्यार होतो.

हापिसात हेच आहे, फक्त एसी आहे. आमच्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या मावशी कंत्राटदाराच्या. दिवाळीला सगळ्यांनी वर्गणी काढून त्यांना मिठाईचा डबा द्यायचा, ग्रुपवर फोटो टाकायचा. त्यांची पगारी सुट्टी किती, पीएफ भरला जातो की नाही, हे विचारलं की मात्र "तो व्हेंडरचा प्रश्न आहे." डबा जरूर द्यावा. पण आधी पगारपत्रक बघावं, डबा नंतर.

थँक्सगिव्हिंगचंही वेगळं नाही म्हणा. 1863 साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकनने तो देशभर पाळायची घोषणा केली, आणि 1941 मध्ये चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला. गोष्ट अशी सांगतात की नव्याने आलेल्या गोऱ्यांना तिथल्या मूळ लोकांनी मदत केली आणि सगळे मिळून जेवले. त्यानंतर त्या मूळ लोकांच्या जमिनींचं काय झालं ते जगाला माहीत आहे. प्लिमथमध्ये 1970 पासून मूळ अमेरिकन लोक त्याच गुरुवारी शोकदिन पाळतात. आणि राष्ट्राध्यक्ष दरवर्षी समारंभाने एका टर्कीला माफी देतात, 1989 पासून अगदी रीतसर. बाकीच्या टर्क्या ताटात. आपल्याला हसायला बरं, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपली पराणी काही मोडून ठेवलेली नसते.

माझा एक मित्र म्हणतो, मग हे सगळं ढोंगच की. एक दिवस पुरणपोळी आणि बाकी दिवस जू. मला तसं वाटत नाही. जे ऋण फिटणारच नाही ते वर्षातून एकदा तरी चारचौघांत, तोरणाखाली उभं राहून कबूल करणं, ही लहान गोष्ट नाही. आणि त्या दिवशी बैलाला काम नाही म्हणजे नाही. कितीही अडलेलं असो, जू लावायचं नाही. ऑन-कॉलवर असणाऱ्याला हे सांगा, त्याच्या डोळ्यांत पाणी येईल.

आता खरी अडचण वेगळीच झाली आहे. बैलच राहिले नाहीत. देशाच्या पशुगणनेत 2012 साली गोवंशातले नर जवळपास 6 कोटी 79 लाख होते, 2019 च्या गणनेत ते 4 कोटी 74 लाखांवर आले. सात वर्षांत जवळपास तिसरा हिस्सा गेला. आमच्या घरची शेवटची जोडी 2016 मध्ये विकली. वडील म्हणाले, दोन बैलांचा वर्षभराचा चारा आणि त्यांच्यामागे एक माणूस, यापेक्षा भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त पडतो. हिशोब बरोबर होता, मीच एक्सेलमध्ये मांडून दिला होता. त्यात 2022 मध्ये लंपी आला, आणि ज्यांच्याकडे जनावरं उरली होती त्यांच्या गोठ्यांतही भीती शिरली. पश्चिम विदर्भातला कोरडवाहू शेतकरी, कापूस-सोयाबीनच्या भावाकडे डोळे लावून बसलेला. त्याने बैल विकला म्हणून त्याला संस्कृतीचे धडे देणाऱ्यांनी आधी एक महिना चारा विकत घेऊन बघावा.

आता पोळ्याला ट्रॅक्टरला हार घालतात. घालोत बापडे, दसऱ्याला आपणही लॅपटॉपला हळदकुंकू लावतोच. पण ट्रॅक्टर दमत नाही, त्यामुळे त्याचा खांदा शेकायचा प्रश्न येत नाही. शेतात दमणारे आता कोण उरलेत ते बघितलं पाहिजे. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उन्हात फिरणारा मजूर आहे. कपाशी वेचून बोटं फाटलेल्या बाया आहेत. बैल गेला तरी जू कुणाच्या तरी खांद्यावर आहेच, आणि त्या खांद्यासाठी आपल्याकडे अमावस्या नाही.

आणि मघाशी म्हटलं ते भोक. पोळ्याला बैलाला सुट्टी, सालगड्याला सुट्टी, वडील अंगणात शिंगं रंगवत बसलेले. आणि आई? पहाटेपासून चुलीपुढे. डाळ शिजवा, पुरण वाटा, कढी, भजी, वडे. बैलांच्या पोळ्या वेगळ्या, माणसांच्या वेगळ्या, दारात येणाऱ्या प्रत्येक जोडीसाठी ताट तयार. त्यात पिठोरीचा उपास, तो मुलांसाठी! या अमावस्येला मातृदिन म्हणतात, आणि त्या दिवशी घरात सगळ्यात जास्त राबते ती आईच. पुरण वाटून वाटून तिच्या उजव्या खांद्याचं दुखणं कायमचं झालंय. डॉक्टरने त्याला इंग्रजी नाव दिलं, गोळ्या दिल्या. लोणी-हळद लावून पळसाच्या पानाने शेकायचं कुणाला सुचलं नाही.

गेल्या पोळ्याला मी आणि बहिणीने ठराव मांडला की पुरण खामगावहून तयार आणायचं, पोळ्या आम्ही दोघं लाटणार, आईने नुसतं बसायचं. वडिलांनी मान डोलावली, म्हणजे विरोध नाही. आई म्हणाली, "इकतच्या पुरणाले बैल तोंड लावत नाही."

म्हटलं, आई, बैल विकून किती वर्षं झाली.

"आपले नाही त काय झालं, शेजाऱ्याचे येतात ना दारात," ती म्हणाली आणि डाळ निवडायला बसली. बहिणीने ताट तिच्या हातातून ओढून घेतलं. आता या वर्षी काय होतं बघू, मी पोळ्याची आणि आदल्या दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेवली आहे.