चाकांवरचं घर, पण सुट्टी कुणाची?



लेक नाहीतर मुलगा अमेरिकेत असला, की थंडीच्या सुमारास एखाद्या रविवारी फोन येतो. "आई, या खेपेला बर्फात घरी कोंडून बसायचं नाही. मोटारहोम भाड्याने घेऊ आणि तीन आठवडे दक्षिणेकडून फिरून येऊ." मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. पुढे चालकाची जागा, मागे पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणीघर, संडास, सगळं एकाच गाडीत. घरच्या पुरुषमंडळींना ऐकूनच हुरूप येतो. तुमच्या मनात मात्र येतं, ओटाही बरोबर येणार, मग माझी सुट्टी कुठली?

हा प्रश्न मनात ठेवू नका. तो निघण्याआधीच, सगळ्यांदेखत विचारायचा असतो. एकदा गाडी सुटली की कामं आपोआप जिच्या अंगवळणी पडलेली असतात, तिच्याच गळ्यात येतात. आणि असा प्रश्न विचारायचा तर सहलीची थोडी माहिती आपल्यालाही हवी, नाही का?

रस्ता केवढा, दिवस किती

अमेरिकेच्या उत्तर भागातली आणि कॅनडातली पुष्कळ निवृत्त जोडपी हिवाळ्यात फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोना अशा ऊबदार राज्यांत येऊन राहतात. तिकडे त्यांना 'स्नोबर्ड', म्हणजे बर्फातून उडून आलेली पाखरं म्हणतात. दक्षिणेतून आडवा जाणारा मोठा रस्ता म्हणजे इंटरस्टेट १०. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलपासून कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकापर्यंत तो सुमारे २,४६० मैल, म्हणजे जवळजवळ ३,९६० किलोमीटर आहे. आठ राज्यं लागतात. त्यातल्या एकट्या टेक्सासमध्येच सुमारे ८८० मैल जातात.

आता हिशेब करा. दिवसाला २०० मैलांपेक्षा जास्त जायचं नाही असं ठरवलं, तर गाडी चालवण्याचे तेरा दिवस होतात. दोन दिवस प्रवास आणि तिसऱ्या दिवशी मुक्काम असं धरलं, तर तीन आठवडे बरोबर पुरतात. "रोज ४०० मैल मारू" असं कुणी म्हणालं, तर ठाम नाही म्हणा. डिसेंबरात दिवस लहान, गाडी अवजड, आणि अंधारात अनोळखी जागी गाडी लावणं त्रासाचं. शिवाय चालत्या गाडीत सगळ्यांनी पट्टा बांधून बसायचं असतं. उठून चहा टाकायचा नाही, पलंगावर आडवंही व्हायचं नाही. गुडघेदुखीवाल्या बाईला चार तास बसणं पुरे होतं.

खर्चाचंही ऐकून ठेवा. अशी गाडी गॅलनला जेमतेम ८ ते १० मैल जाते. म्हणजे नुसत्या या रस्त्याला २५० ते ३०० गॅलन पेट्रोल. गाडीचं भाडं आणि मुक्कामाच्या जागांचे पैसे वेगळे. त्या जागाही आधी ठरवाव्या लागतात. फ्लोरिडातल्या सरकारी उद्यानांत परराज्यातल्या लोकांना दहा महिने आधीपासून जागा राखता येते, त्यामुळे हिवाळ्यातल्या चांगल्या जागा लवकर संपतात.

दक्षिण म्हणजे ऊब, पण नेहमी नाही

शाल आणि स्वेटर न्यायला विसरू नका. २१ जानेवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्ससारख्या दमट, ऊबदार शहरात वीतभर बर्फ पडला आणि लुइझियानात हाच रस्ता बंद करावा लागला. पश्चिम टेक्सास आणि न्यू मेक्सिको हा उंचावरचा कोरडा मुलूख. तिथे दुपारी ऊन छान लागतं आणि रात्री पाणी गोठतं. अशा रात्री बाहेरच्या नळाची रबरी नळी काढून ठेवायची आणि गाडीच्या टाकीतलं पाणी वापरायचं. ओट्याखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवली की आतल्या नळ्यांना ऊब मिळते. मात्र ऊब हवी म्हणून शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका. बंद गाडीत विषारी वायू साठतो, आणि त्याला वास नसतो. गाडीत त्याची सूचना देणारी घंटा असते, ती चालू आहे ना हे पहिल्याच दिवशी पाहायला सांगा.

कामाची वाटणी

माझ्या मते निघण्याआधी एक कागद घ्यावा आणि त्यावर नावानिशी कामं लिहावीत. मैल्याची आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करणं हे चालकाचं काम. आधी मैल्याची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे नळी धुऊन निघते. पिण्याच्या पाण्याची नळी अगदी वेगळी हवी. भांडी नातवंडांनी घासायची. पाणी मोजकंच असतं, म्हणून भांडी आधी कागदाने पुसून घेतली तर निम्म्या पाण्यात होतात.

स्वयंपाक एकवेळचाच, तोही एका कुकरात होईल असा. मुगाची खिचडी, मसालेभात, पिठलं-भात. सकाळी पोहे नाहीतर ब्रेड, दुपारी बाहेर. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी हाताशी असली की अडत नाही. फोडणी देताना खिडकी उघडून पंखा लावा, नाहीतर धुराची घंटा कोकलते. वाटेत सामान संपलं तर ह्यूस्टन याच रस्त्यावर आहे. तिथे हिलक्रॉफ्ट भागात आपल्या किराणा मालाची दुकानं इतकी आहेत, की २०१० मध्ये त्या भागाला महात्मा गांधींचं नाव दिलं गेलं. आठवड्यातून दोन दिवस ओट्याला पूर्ण सुट्टी, हेही त्याच कागदावर लिहा.

पर्समध्ये काय हवं

हा रस्ता बराच वेळ मेक्सिकोच्या सरहद्दीजवळून जातो. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोत भर महामार्गावर तपासणी नाकी असतात. आपला मूळ पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद लेकीच्या घरी कपाटात ठेवून निघू नका. आजारपणाचा विमा आधीच घ्या, आणि जुन्या दुखण्यांना तो लागू आहे का ते नीट वाचून घ्या. पश्चिम टेक्सासमध्ये गावंच दूरदूर, तेव्हा औषधं पुऱ्या सहलीची जवळ हवीत. इन्सुलिन फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवू नका, ते गोठलं की फुकट जातं. वाटेत घड्याळ तीनदा मागे करावं लागतं. म्हणून साखरेच्या गोळ्यांची वेळ नुसतं घड्याळ पाहून नव्हे, तर डॉक्टरांना आधी विचारून ठरवावी.

आणखी एक गंमत. लेकीच्या अंगणातला कढीपत्ता प्रेमाने बरोबर घेऊ नका. संत्र्या-लिंबांच्या बागा रोगट करणारा एक किडा कढीपत्त्यावर राहतो, म्हणून फ्लोरिडा, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत त्याच्या ने-आणीवर निर्बंध आहेत. कॅलिफोर्नियात शिरताना फळं-रोपं विचारणारं नाकंच आहे.

थांबायचं कुठे

सगळीकडे थांबायचा हट्ट नको. सॅन अँटोनियोत नदीकाठची पायवाट संध्याकाळी फिरायला सुरेख आहे. न्यू मेक्सिकोत लास क्रूसेसपासून सुमारे ५० मैलांवर व्हाइट सँड्स आहे, पांढऱ्याशुभ्र जिप्समच्या वाळूच्या टेकड्या. तिथे रात्री गाडी लावता येत नाही, संध्याकाळी परतायचं. टूसॉनजवळ माणसाच्या कितीतरी पट उंच सग्वारो निवडुंगांचं रान आहे. कॅलिफोर्नियाच्या अलीकडे क्वार्ट्झसाइट हे लहानसं गाव लागतं. हिवाळ्यात तिथल्या वाळवंटात अशा हजारो घरगाड्या उतरतात. या गावात हाजी अली नावाच्या उंटवाल्याची समाधी आहे. १८५६ मध्ये अमेरिकन लष्कराने उंट आणवले, त्यांच्याबरोबर तो आला आणि तिथलाच झाला. दगडी पिरॅमिड आणि त्यावर उंट अशी ती समाधी पाहताना, परमुलखात राहिलेल्या आपल्या मुलाबाळांची आठवण होतेच.

तेव्हा पुढचा फोन आला की हो जरूर म्हणा. फक्त त्याच फोनवर तीन गोष्टी पक्क्या करा : रोजचे मैल किती, ओट्याला सुट्टी कोणत्या वारी, आणि टाकी कोण रिकामी करणार. या तिन्हींची उत्तरं मिळाली, की बॅग भरायला घ्या.