तीन निळे आणि एक खोली

निळा रंग निवडण्यात काय एवढं अवघड, असं वाटत असेल तर एकदा रंगाच्या दुकानात जाऊन शेडकार्ड उघडून बघा. आकाशी, फिकट आकाशी, राखाडी निळा, जांभळट निळा, मोरपंखीकडे झुकणारा... तिसऱ्या पानापर्यंत सगळे सारखेच दिसायला लागतात. आमच्या घरी अलीकडेच हा घोळ झाला. त्यातून जे शिकले ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

आम्ही जयपूरला, झोटवाड्यात राहतो. सासूबाई साताऱ्याला एकट्या होत्या. आता त्या कायमच्या आमच्याकडे येणार होत्या, म्हणून मागची खोली त्यांच्यासाठी रंगवायची ठरली. फोनवर त्यांचं एकच मागणं होतं, "निळी करा गं, आपल्या जुन्या घरासारखी." जुन्या घरी चुन्यात नीळ कालवून भिंतींना हात मारत. तो रंग काही शेडकार्डात मिळत नाही. मी जवळचे तीन निळे शोधले आणि फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "तिन्ही एकच आहेत की!"

पहिली चूक तिथेच झाली. मोबाइलवर रंग ठरवू नका. कॅमेरा उजेडाप्रमाणे रंग आपोआप बदलतो. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून आपण स्क्रीन पिवळसर करून ठेवतो, त्यात निळा सर्वात आधी बिघडतो.

शेडकार्डाचा तुकडाही फसवतो. चारही भिंती रंगल्या की एकीचा रंग दुसरीवर पडतो आणि खोली कार्डापेक्षा गडद वाटते. म्हणून प्रत्येक रंगाचा छोटा डबा आणा. दोन फुटी पुठ्ठ्यावर आधी पांढरा प्रायमर, मग रंगाचे दोन हात द्या आणि कडेला पांढरी पट्टी सोडा. पूर्ण वाळल्याशिवाय मत बनवू नका, कारण ओला रंग वेगळा दिसतो.

पांढरी पट्टी कशाला? त्याचं उत्तर जयपूरच्या ब्लू पॉटरीत आहे. त्या भांड्यांवर गडद निळा येतो कोबाल्ट ऑक्साइडमुळे आणि फिरोजी येतो तांब्याच्या ऑक्साइडमुळे. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही निळेच. पण पांढऱ्यावर शेजारी आले की एकातली हिरवी झाक लगेच कळते. आपले पुठ्ठेही तसेच शेजारी ठेवून बघायचे.

मग खोलीतला उजेड. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीसमोर शेजाऱ्यांची पिवळी भिंत. दुपारनंतर ऊन त्या भिंतीवर आपटून आत येतं. सकाळी छान दिसणारा फिकट आकाशी चार वाजता हिरवट झाला! जांभळट झाक असलेला निळा मात्र त्याच उजेडात नीट निळा दिसला, कारण पिवळा आणि जांभळा एकमेकांना मारतात. रात्रीचा दिवाही तपासा. 2700 केल्विनचा पिवळसर बल्ब निळ्याला मळकट करतो, 6500 चा पांढरा त्याला थंडगार करतो. खोलीत जो दिवा रोज लागणार, त्यातच पुठ्ठे बघा.

एवढं करून मी जांभळट झाकेतलीच सर्वात फिकट छटा जवळजवळ नक्की केली होती. तेवढ्यात सासूबाई आल्या. पुठ्ठ्यांसमोर खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "हा पांढरा कशाला ठेवलायस?" बोट माझ्या आवडत्या निळ्याकडे होतं.

आधी मला हसू आलं, मग आठवलं. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवतं. मोतीबिंदूत हे जास्तच होतं. मी म्हटलं, "आई, एकेक डोळा झाकून बघा बरं." त्यांनी डावा झाकला, "अगं, केवढा निळा!" मग उजवा झाकला, "आता धुरकट." पाच मिनिटं त्यांचा हाच खेळ चालला होता.

फोनवरचं "तिन्ही एकच" हे उत्तर मी बेफिकिरीचं समजले होते. त्या तर जे दिसत होतं तेच सांगत होत्या.

मग निवड त्यांनीच केली. फिकट छटा डाव्या डोळ्याला पांढऱ्या दारापासून वेगळी दिसेना. गडद रंगात संध्याकाळी खोली अंधारी वाटली. मधली, जांभळट झाकेची छटा दोन्ही डोळ्यांना पटली. दाराची चौकट आणि स्विचबोर्ड आम्ही पांढरेच ठेवले, म्हणजे रात्री उठल्यावर हात कुठे जायचा ते कळतं.

खरेदीचा हिशेबही सांगते. खोली 10 बाय 12 फूट, उंची 10 फूट. चार भिंती मिळून 440 चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता साधारण 400. डब्यावर एक लिटर किती चौरस फुटांना पुरतो ते लिहिलेलं असतं. तो आकडा एका हाताचा की दोन हातांचा ते विचारून घ्या. सगळा रंग एकदमच आणा. मशीनवर पुन्हा बनवलेला डबा किंचित वेगळा निघू शकतो. दोन डबे असतील तर पेंटरला ते मोठ्या बादलीत एकत्र करायला सांगा.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. "तेव्हा हा रंग भडक वाटला तर?" मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "उजव्याने बघितलाय की मी. चालतोय."

तुमच्याकडे आजी-आजोबांची खोली रंगवायची असेल, तर शेडकार्ड आधी त्यांच्या हातात द्या. उत्तर ऐकून आश्चर्य वाटलं, तर एकेक डोळा झाकून बघायला सांगा. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कधी गेला होतात, तेही विचारा.