हवा टाइट!

घाटाचं एक बरं असतं. तो दिसतो, त्याला वळणं असतात आणि कधी तरी माथा येतो. टपरीवर चहा मारायचा, फोटो काढायचे, उतारावर सगळं वसूल. वाऱ्याला माथाच नाही राव! जुलैत पुण्याहून जुन्या हायवेने लोणावळ्याकडे सायकल काढा. वडगाव मागे पडलं की पश्चिमेचा वारा थेट छातीवर. रस्ता सपाट वाटतो, पाय जिवाच्या आकांताने फिरतायत आणि स्पीड? १४! वर एसटीतली पोरं खिडकीतून टाटा करतात, ते वेगळंच.

गणित क्रूर आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० किलोमीटरने चालवताना समोरूनही तेवढाच वारा आला, तर अंगावर ४० ची हवा, म्हणजे अडथळा चौपट.

एरवी काय, घरी उशिरा पोचू. पण बीआरएम करणाऱ्यांना विचारा. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं. पंक्चर आणि मिसळ त्यातच. समजा, १०० जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. १४ च्या स्पीडने गेलात तर ७ तास ८ मिनिटं संपली. उरले साधारण ६ तास २० मिनिटं, म्हणजे परतीला १६ ची सरासरी हवी. पाठीवर वारा असला की हे सहज जमतं. अट एकच, पायांत जीव उरलेला हवा. आणि नेमका तोच आपण जाताना चिडून, दात-ओठ खात घालवतो.

मी हल्ली समोर वारा असला की स्पीडोमीटरवर चक्क रुमाल बांधतो. गिअर हलका, पाय नेहमीच्या लयीत, कोपर वाकवून अंग खाली. दम इतकाच लागू द्यायचा, की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. मग स्पीड १० होवो नाही तर १६. मिनिटं वाचवायचीच तर थांब्यावरच्या गप्पांत वाचवा.

आणि जोडीदार शोधा. पुढच्याच्या चाकामागे राहिलं की बरीच मेहनत वाचते. पाच-पाच मिनिटांनी नंबर बदलायचा. ट्रकच्या मागे मात्र चुकूनही लागू नका, त्याने ब्रेक मारला तर आपल्याला दिसतही नाही. प्रत्येक ग्रुपमध्ये एक महाभाग असतो, पुढे जायचा नंबर आला की बरोबर बुटाची लेस बांधायला थांबणारा. त्याच्याकडून सगळ्यांच्या चहाचे पैसे घ्या!