दर दिवाळीला मशीन कशाला?



पाऊस सरला की आपल्या वसई-विरारमध्ये गॅरेजबाहेर पाट्या लागतात. दिवाळी ऑफर, मशीनने रबिंग-पॉलिश, एका तासात शोरूमसारखी चमक! आणि मग घरोघरी तेच ऐकू येतं, "हाताने काय पुसत बसायचं, मशीनने करून आणू." यंदा या वाक्याला सरळ नाही म्हणा, हे सांगायला मी आज लिहिते आहे. गाडीला मेण हातानेच लावावं. मशीन लागलंच तर काही वर्षांतून एकदा आणि तेही जाणत्या माणसाकडून. दर दिवाळीला मशीन फिरवून घेणं म्हणजे पैसे मोजून आपलीच गाडी झिजवून घेणं.

आधी एक घोटाळा दूर करू. पॉलिश आणि मेण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅरेजवाला दोन्हीला एकच नाव देतो, म्हणून आपण फसतो. पॉलिश म्हणजे घासणं. त्यात बारीक खर असते आणि ती रंगावरचा थर खरवडून ओरखडा दिसेनासा करते. मेण म्हणजे माखणं. ते काही काढत नाही, वर एक पातळ थर चढवतं, पाणी आणि धूळ अडवतं. पितळेच्या पातेल्याला कल्हई करणं आणि त्याच पातेल्याला काथ्याने घासणं यातला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. रोज काथ्याने घासलं तर कल्हई किती दिवस टिकेल?

गाडीची कल्हई किती जाड असते तेही बघा. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. म्हणजे चमक आणि उन्हापासूनचं रक्षण ज्याच्यावर अवलंबून आहे, तो थर केसापेक्षाही पातळ. जोरात केलेलं प्रत्येक रबिंग त्यातले काही मायक्रॉन घेऊन जातं. गेलेला थर मेणाने परत येत नाही, कुठल्या कोटिंगनेही नाही. तो विरळ झाला की बॉनेटवर आणि टपावर पांढरट चट्टे पडतात, पापुद्रे सुटतात. मग उपाय एकच, पुन्हा रंगकाम.

मशीनही दोन जातीचं असतं, पण पाटीवर ते लिहिलेलं नसतं. एक नुसतं गोल गोल फिरतं. ते झपाट्याने कापतं आणि जागच्या जागी तापतं. दाराच्या कडा, बॉनेटची धार अशा ठिकाणी रंग मुळात पातळ असतो. तिथे हात जरा रेंगाळला की खालचा प्रायमर दिसतो. प्लॅस्टिकच्या बंपरमधून उष्णता पत्र्यासारखी पसरून जात नाही, त्यामुळे तिथला रंग लवकर जळतो. दुसरं मशीन फिरता फिरता डगमगतं. त्यावर फार जोर दिला तर ते फिरायचंच थांबतं, म्हणून कमी धोक्याचं. "भाऊ, मशीन कुठलं आहे?" एवढं विचारून बघा. उत्तर देता आलं नाही तर किल्ली परत मागा.

आता समोरच्या बाजूचं खरं ते मान्य करते. हाताने खोल ओरखडे जात नाहीत. जुनी गाडी घेतली असेल, रंग मळकट पडला असेल, तर दुसऱ्या जातीच्या मशीनने एकदा नीट काम करून घ्यायला माझी हरकत नाही. विजेच्या यंत्राचं मला वावडं नाही, मिक्सर आणि लिफ्ट आपण सगळ्याच वापरतो. आणि हात म्हणजे आपोआप शुद्ध असंही नाही. उन्हात गाडीवर जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ना, ते बहुतेक हातानेच पडलेले असतात. एकाच फडक्याने चाकं पुसायची आणि त्याच फडक्याने बॉनेट. आपल्याकडे तर महामार्गाची धूळ, वालीव-सातिवलीच्या कारखान्यांची काजळी आणि किनाऱ्याकडून येणारी खारट हवा. ही कोरडी धूळ फडक्याने पुसणं म्हणजे रंगावर सॅंडपेपर फिरवणं. पहाटे पंधरा गाड्या पुसणाऱ्या मुलाला दोष देऊ नका. त्याला दोन स्वच्छ मायक्रोफायबर फडकी आणि दोन बादल्या कुणी दिल्या आहेत का? आपण फडक्याचे पैसे वाचवतो आणि दिवाळीत त्याच्या कितीतरी पट मशीनवाल्याला देतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आता आपल्या घरांचा खास मुद्दा. चॉकलेटच्या वेष्टनावर ९०१ आणि ९०४ शोधणाऱ्या आपण. ९०१ म्हणजे मधमाशांचं मेण, ९०४ म्हणजे लाख, कीटकांपासूनची. मद्य, मांस, मधु या तीन मकारांचा त्याग आपण लहानपणीच शिकलो. मध सोडायचा आणि त्याच पोळ्यातलं मेण गाडीला चोळायचं, हे कसं? खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो, पॉलिशच्या डबीवर तो नसतो. गॅरेजमध्ये मोठ्या डब्यातून काय काढून लावलं हे तर विचारायचीही सोय नाही. हाताने लावायचं तर डबी आपली, निवडही आपली. कार्नौबा हे ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण आहे, खाद्यपदार्थांत त्याचाच क्रमांक ९०३. पण "कार्नौबा" लिहिलेल्या डबीतही मधमाशांचं मेण मिसळलेलं असू शकतं, तेव्हा कंपनीला लिहून विचारा. शिवाय मशीनची गादी लोकरीची असते, कधी मेंढीच्या कातड्यासकट. गाडी पुसायची खरी शॅमी म्हणजे तर चामडंच. फोमची गादी, पीव्हीएची शॅमी, सुती किंवा मायक्रोफायबर कापड हे सगळं मिळतं. फक्त मागावं लागतं.

आणि वेळ? दिवाळीच्या गर्दीत ही कामं रात्री फोकस लावून चालतात. प्रकाशाला पाखरं येतात, ओल्या मेणाला चिकटतात आणि वरून मशीन फिरतं. अजून चातुर्मास संपलेला नसतो, हे लक्षात ठेवा. महावीर निर्वाणाच्या दिवशी गाडी चमकावी म्हणून आदल्या रात्री एवढे जीव चिरडायचे, यात जयणा कुठे राहिली?

हाताने करायचं ते असं. सूर्योदयानंतर, सावलीत, पत्रा गार असताना. आधी वायपरखाली आणि बॉनेटच्या पन्हळीत बघा, मुंग्या-कोळी असतील तर मऊ ब्रशने अलगद बाजूला करा. पाणी गाळून घ्या. एका बादलीत साबणपाणी, दुसरीत फडकं पिळायला साधं पाणी. आधी धूळ भिजवून सोडवा, मग वरून खाली पुसा, चाकांचं फडकं वेगळं ठेवा. दोन बादल्यांत काम होतं. टँकरची वाट बघणाऱ्या सोसायट्यांमध्ये पाइप लावून गाडी धुणं शोभत नाही. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी अंगावर सुकू देऊ नका, क्षारांचे पांढरे डाग बसतात. मग गाडी कोरडी करून एकेका भागावर अगदी पातळ मेण लावा, धुरकट दिसलं की स्वच्छ कापडाने पुसा. जाड थर लावून जास्त चमक येत नाही, फक्त डबी लवकर संपते. आपल्या उन्हात ते फार टिकत नाही, दीड-दोन महिने धरा. निदान मे महिन्यात पावसाआधी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा लावाच.

हे सगळं आईने करायचं असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. गाडी चालवतो त्याने ती पुसावी. दोघं मिळून केलं तर एक सकाळ पुरते. आणि हात फिरतो तेव्हा दाराखालचा गंज, टायरमध्ये घुसलेला खिळा, काचेची तड हेही दिसतं. खाऱ्या हवेत गंज लवकर सापडणं हे चमकीपेक्षा मोलाचं आहे.

तेव्हा यंदा ऑफरची पाटी दिसली तर पुढे चला. ते पैसे चार चांगली फडकी, एक विचारून घेतलेली डबी आणि पहाटेच्या मुलाची दिवाळी यात घाला.